फौजेची वाट : कोरेगावच्या स्तंभापासून आपल्या वस्तीपर्यंत

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघणार, तुम्हीही काहीतरी लिहा, असे समितीने सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी प्रोफेसर नाही, इतिहासकार तर नाहीच नाही. दहावीला एकदा गचकलेला, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या पट्टीच्या रोलिंग मिलमध्ये आयुष्य काढलेला कामगार माणूस. जे काही वाचले ते रात्रपाळी सुटल्यावर वाचले. परंतु मागच्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि माझा विचार बदलला.

रविवारची वंदना आटोपून सतरंज्या गोळा करीत होतो. वस्तीतला एक पोरगा जवळ आला. बारावी झालाय, भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचे काम करतो, पहाटे उठून खाडीच्या बाजूला धावायला जातो. म्हणाला, "काका, अग्निवीरचा फॉर्म भरायचाय. आई नाही म्हणते. घरात रोज भांडण. तुम्ही सांगा, भरू का नको?" मागे त्याची आई उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, चार वर्षांनी परत आला तर काय करील? आणि परत नाही आला तर मी काय करू?"

दोघांचेही प्रश्न खरे. मी त्या वेळी उत्तर दिले नाही. म्हटले, "मला थोडे दिवस द्या." कारण हा प्रश्न एका घरातला नाही. आपल्या समाजाने हा प्रश्न दोनशे वर्षे सोसला आहे. आपल्या माणसांनी फौजेत जायचे की नाही, हे बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच ठरवले. म्हणून पोराला उत्तर द्यायच्या आधी इतिहास नीट पाहावा, असे वाटले. तोच या ठिकाणी मांडतो आहे. चुकभूल द्यावी घ्यावी.

पोटासाठी आणि मानासाठी

आपले पूर्वज पलटणीत का गेले? पहिले कारण पोट. गावकीत महाराच्या वाट्याला वतन होते म्हणतात, पण ते वतन कसले? गावाची वेस राखायची, सरकारी टपाल पायी पोचवायचे, मेलेले जनावर ओढायचे, आणि त्याबदल्यात बलुते म्हणून दारोदार भाकरी मागायची. अशा माणसाला कंपनी सरकारच्या पलटणीत रोख पगार मिळाला, अंगावर कपडा मिळाला, पायात जोडा मिळाला. ज्याची सावली विटाळ करते तोच माणूस खांद्याला बंदूक लावून कवायत करू लागला. हा बदल लहान नव्हता.

कोरेगाव भीमाची लढाई सर्वांना ठाऊक आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. बाँबे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे पाचशे पायदळ, सोबत काही घोडेस्वार आणि मद्रासच्या तोफखान्याचे गोलंदाज, दोन तोफा. सगळे मिळून आठशेच्या आसपास. १ जानेवारी १८१८ ला सकाळी भीमेच्या काठी दुसऱ्या बाजीरावाची फार मोठी फौज समोर दिसली. दिवसभर गावाच्या गल्लीबोळात लढाई झाली. प्यायला पाणी नव्हते. रात्री पेशव्यांच्या फौजेने माघार घेतली.

आपल्या सभांमधून हा इतिहास सांगताना कधी कधी आकडे फुगवले जातात. मी मुद्दाम सांगतो, फुगवण्याची काही गरज नाही. पेशव्यांची सगळी फौज त्या गावात लढायला उतरली नव्हती. स्टाँटनच्या तुकडीत केवळ महार होते असेही नाही. मराठे होते, मुसलमान होते, इतरही होते. मागून मोठी इंग्रज फौज येत आहे हेही बाजीरावाच्या माघारीचे एक कारण होते. पण त्या स्तंभावर कोरलेली नावे वाचा. त्यात नावाच्या शेवटी 'नाक' असलेली बावीस नावे आहेत. ज्यांची नावे गावच्या कागदात बिगारीच्या यादीत यायची, त्यांची नावे दगडावर शिपाई म्हणून कोरली गेली. एवढे सत्य पुरेसे आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, ते या नावांसाठी.

बंदुकीबरोबर आलेली पाटी

फौजेने आपल्याला बंदूक दिली हे सगळे सांगतात. माझ्या मते खरी मोठी वस्तू दुसरीच होती. ती म्हणजे पाटी.

बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सकपाळ फौजेत होते. वडील रामजी सकपाळ सुभेदार झाले. आई भीमाबाई ही मुरबाडकरांची लेक. हे मुरबाड आपल्या ठाणे जिल्ह्यातले. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की भीमाबाईंचे वडील आणि त्यांचे सहा भाऊ असे सगळे सुभेदार मेजर होते. मला हे वाचून फार नवल वाटले. ज्या मुरबाडला आपण लग्नाला, साखरपुड्याला जातो, त्याच भागातल्या एका अस्पृश्य घरात सात सुभेदार मेजर!

रामजी सुभेदारांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि पुढे लष्करी शाळेत हेडमास्तर म्हणून अनेक वर्षे काम केले. पलटणीतल्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावातल्या शाळेत आपल्या पोराला पायरीवरही उभे करीत नव्हते, त्या काळात छावणीत आपले पोर धुळाक्षरे गिरवत होते. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. महू ही लष्कराची छावणी, हे विसरून चालणार नाही. वडिलांना लिहितावाचता येत होते, म्हणून मुलाच्या हातात पुस्तक आले.

गोपाळबाबा वलंगकरांचेही तेच. महाडजवळच्या रावढूळचे. १८८६ मध्ये फौजेतून पेन्शनीत आले आणि दापोलीला राहिले. तेथे अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली, 'विटाळ विध्वंसन' लिहिले. पुढे १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांनी केवढा गहजब केला! पेन्शन होती म्हणून गावकीवर पोट अवलंबून नव्हते, आणि अक्षरओळख होती म्हणून लेखणी चालली. आपल्या चळवळीचे पहिले लिहिते हात पेन्शनर शिपायांचे होते.

दरवाजा बंद

आणि मग १८९२-९३ च्या सुमारास हा दरवाजा बंद झाला. लॉर्ड रॉबर्ट्स हा १८८५ ते १८९३ पर्यंत हिंदुस्थानचा सरसेनापती होता. काही जाती जन्मानेच लढवय्या आणि काही जन्माने निकामी, असे त्याचे मत. पलटणी जातवार करायचे धोरण आले. मग वरच्या जातीचे शिपाई महार सुभेदाराचा हुकूम कसे ऐकणार, हाही प्रश्न पुढे केला गेला. म्हणजे बघा, मनुस्मृतीने सांगितले तेच साहेबाने इंग्रजीत सांगितले. माणूस काय करू शकतो हे त्याच्या जन्मावरून ठरवायचे! ज्यांच्या बापजाद्यांची नावे कोरेगावच्या दगडावर होती, त्यांच्या नातवांना सांगण्यात आले की तुम्ही लढवय्ये नाही.

आपली माणसे गप्प बसली नाहीत. कीरांच्या चरित्रात येते की रामजी सुभेदार अर्ज लिहून घेण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले होते. १८९४ मध्ये वलंगकरांनी विनंतीपत्र तयार केले. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली, दीड हजारावर सह्या गोळा करून सरकारला अर्ज केला, आणि १९१० मध्ये थेट विलायतेला भारतमंत्र्यांकडे दुसरा अर्ज धाडला. मागणे काय, तर पोलिसात आणि फौजेत घ्या. त्या काळी दीड हजार सह्या आणि अंगठे जमवायला किती गावे पायाखाली घातली असतील, याचा विचार करा.

फौज बंद झाल्यावर कोकणातला आपला तरुण कुठे गेला? बोटीने मुंबईला आला. गोदीत गेला, रेल्वेत गेला, गिरणीत गेला. आणि गिरणीत काय झाले? विणकाम खात्यात पगार जास्त, तिथे आपल्याला मज्जाव. कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. खुद्द रामजी सुभेदारांचे कुटुंबही मुंबईत आले ते लोअर परळला डबक चाळीत, गिरण्यांच्या भोंग्याखाली. फौजेचा दरवाजा बंद झाला की गिरणीचा अर्धाच उघडतो, हे आपल्या तीन पिढ्यांनी भोगले आहे.

वापरा आणि सोडून द्या

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. माणसे कमी पडू लागली तेव्हा साहेबाला आपली आठवण झाली. कालपर्यंत निकामी असलेले महार १९१७ मध्ये एकदम लढवय्ये ठरले! १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली. शिपाई गावी परत गेले. कुणाला परत वेसकरकी, कुणाला परत मेलेले ढोर.

पहिल्या गोलमेज परिषदेत १९३० साली लंडनला बाबासाहेब उभे राहिले तेव्हा त्यांनी हाच हिशेब मांडला. इंग्रज येण्यापूर्वी आम्हाला फौजेत, पोलिसात जागा नव्हती. आज तरी ती वाट उघडी आहे का, असा त्यांचा सवाल होता. साहेबाच्या तोंडावर, साहेबाच्या राजधानीत.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा मात्र बाबासाहेबांनी जुनी चूक होऊ दिली नाही. १९४१ च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले. महारांची स्वतंत्र पलटण हवी म्हणून त्यांनी सरकारकडे पाठपुरावा केला आणि तरुणांना भरती व्हा म्हणून आवाहन केले. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी १९४२ मध्ये कामठीला. दुसरी पलटण ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. टोपीच्या बिल्ल्यावर तेव्हा कोरेगावचा स्तंभ होता.

त्या भरतीत माझे आजोबा होते. खेडच्या बाजूच्या गावातून चालत आणि मग मिळेल त्या वाहनाने बेळगावला गेले. युद्ध संपल्यावर परत आले ते एक हिरवी पत्र्याची पेटी घेऊन. ती पेटी आजही माझ्या घरी पलंगाखाली आहे. आजोबा शाळेत कधी गेले नव्हते. पलटणीत त्या काळी शिपायांना रोमन लिपीत हिंदुस्तानी शिकवीत. त्यामुळे आजोबांना आपले मराठी नाव इंग्रजी अक्षरात लिहिता यायचे, मराठीत नाही! गावचा तलाठी अंगठा लावायला शाईची डबी पुढे करी, आणि आजोबा खिशातून पेन काढून साहेबासारखी सही ठोकत. तलाठ्याचे तोंड बघण्यासारखे होई म्हणे. त्यांनी माझ्या वडिलांना मारून मुटकून शाळेत घातले. वडील सातवीपर्यंत शिकले, मुंबईला आले, गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि वडिलांची गिरणी कायमची सुटली. आम्ही भाईंदरला आलो ते तेव्हा.

मीही १९८९ मध्ये भरतीला गेलो होतो. धावण्यात पास झालो, छातीच्या मापात अर्धा इंच कमी पडलो. घरी आलो तेव्हा आई गुपचूप खूश होती, आणि आजोबा दोन दिवस बोलले नाहीत. म्हणून त्या पोराची आई काय म्हणते ते मला कळते, आणि पोरगा काय म्हणतो तेही कळते.

रेजिमेंटचे पुढे काय झाले

या वेळी युद्ध संपल्यावर रेजिमेंट मोडली नाही. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. १९४७ च्या फाळणीत पंजाबच्या सरहद्दीवर निर्वासितांचे जथे सुखरूप नेण्याच्या कामावर तिचे जवान होते. घरदार सोडून पळणाऱ्या लोकांना ज्यांनी राखले, ते स्वतः गावकुसाबाहेर वाढलेले होते. साठीच्या दशकात ती पुन्हा पायदळाची रेजिमेंट झाली. मध्य प्रदेशातील सागर येथे तिचे केंद्र आहे. ब्रीद 'यश सिद्धी'. स्तंभाच्या जागी बिल्ल्यावर आता दोन मशीनगन आणि खंजीर आहे.

नाव महार रेजिमेंट असले तरी आज तिच्यात सगळ्या प्रांतांचे, सगळ्या जातिधर्मांचे जवान आहेत. काही जण याबद्दल हळहळतात. मला तसे वाटत नाही. एकेकाळी आमच्याबरोबर कुणी पाणी पीत नव्हते, आणि आज आमच्या नावाच्या झेंड्याखाली सगळे हिंदुस्थानचे पोरगे शपथ घेतात. यापेक्षा मोठा जातिअंत कागदावर लिहून होत नाही. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती याच रेजिमेंटचे. मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले तमिळ कुटुंबातले अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत त्यांच्या तुकडीवर रात्री हल्ला झाला. छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची बंदूक हिसकावून त्याला ठार केले आणि शेवटच्या श्वासापर्यंत तुकडीला हुकूम देत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. ते आठव्या महार पलटणीचे होते.

धम्म काय सांगतो

आता विहारात हमखास विचारला जाणारा प्रश्न. आपण पंचशील घेतो, पहिलेच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे. मग उपासकाने शिपाई व्हावे का?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितलेली सिद्धार्थाची कथा आठवा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचा तंटा झाला. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला आणि वीस ते पन्नास वर्षे वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात यावे असे फर्मान काढले. सिद्धार्थ भर सभेत उभा राहिला आणि म्हणाला, मी येणार नाही. त्याची किंमत म्हणून त्याने घर सोडले. म्हणजे आपल्या धम्माची सुरुवातच एका तरुणाने भरतीला दिलेल्या नकारापासून होते!

पण त्याच ग्रंथात बाबासाहेब हेही सांगतात की हत्येची इच्छा वेगळी आणि हत्येची गरज वेगळी. वैशालीचा सेनापती सिंह हा भगवंतांना भेटला, शंका विचारल्या, उपासक झाला. त्याला भगवंतांनी सेनापतीपद टाक असे सांगितले नाही. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत त्यात शस्त्रांचा व्यापार आहे. दुसऱ्याच्या मरणावर नफा कमावणे निषिद्ध आहे. दुर्बळाच्या रक्षणासाठी उभे राहणे ही वेगळी गोष्ट.

मला यातून जे समजले ते असे. धम्म 'जा' असे सांगत नाही आणि 'जाऊ नको' असेही सांगत नाही. तो सांगतो, डोळे उघडे ठेवून स्वतः ठरव, आणि ठरवलेल्याची किंमत स्वतः दे. ज्याला आतून पटत नाही त्याने नाही म्हणावे, त्याला कुणी भित्रा म्हणू नये. ज्याला पटते त्याने जावे, त्याला कुणी धम्माबाहेरचा म्हणू नये.

आजची वाट

आता व्यवहाराचे बोलू. आपल्या पोरांना भरती म्हटली की फक्त शिपाईच दिसतो. त्यात त्यांचा दोष नाही. रामजी सुभेदारांच्या काळात आपला माणूस कितीही हुशार असला तरी सुभेदार मेजरवर थांबायचा आणि कालचा गोरा पोरगाही त्याच्या वर असायचा. ती भिंत केव्हाच पडली, पण आपल्या डोक्यातली पडली नाही.

शिपाई होण्याची वाट आता अग्निवीरची. ही योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. नोकरी चार वर्षांची. त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना पुढे कायम करतात असे योजनेत म्हटले आहे. बाकीच्यांना बाहेर पडताना सुमारे पावणेबारा लाख रुपये सेवा निधी मिळतो, त्यातला निम्मा त्यांच्याच पगारातून कापलेला असतो. पेन्शन नाही. वलंगकरांना पेन्शनीने बळ दिले, ते बळ या वाटेवर चौघांपैकी तिघांना मिळणार नाही. हे आईने विचारले ते बरोबरच विचारले. आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग धावणे आणि मेडिकल. नुसते पाय चालून भागत नाही, गणितही चालले पाहिजे.

दुसरी वाट अधिकाऱ्याची. बारावीत असताना किंवा बारावीनंतर एनडीएची परीक्षा देता येते, खडकवासल्याला शिक्षण होते. पदवीनंतर सीडीएस आहे. महाराष्ट्र सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरला आहे. तेथे दहावीनंतर मुले निवडून दोन वर्षे एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी २०२३ मध्ये नाशिकला तशीच संस्था सुरू झाली. मुलींना एनडीएचा दरवाजा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२१ मध्ये उघडला आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. आपल्या वस्तीतल्या किती आईबापांना हे ठाऊक आहे? मी विचारून पाहिले. दोघांना.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फौजेच्या भरतीत जातीवर राखीव जागा नाहीत. तेथे सवलतीचा विचार मनात ठेवून जाऊ नये. तयारी आठवी-नववीपासून हवी. इंग्रजी हवे, गणित हवे, रोजचे वर्तमानपत्र हवे, चार लोकांत उभे राहून बोलता आले पाहिजे.

आणि मरणाचे काय? ते लपवून चालणार नाही. आपल्याच मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ ला काश्मीरमध्ये गुरेझच्या भागात घुसखोरांशी लढताना शहीद झाले. वय अवघे २९. त्यांच्याबरोबर तीन जवानही गेले. अंत्ययात्रेला मीरा रोडचे रस्ते माणसांनी भरले होते. जात, भाषा कुणी विचारत नव्हते. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनी त्यानंतर चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्या स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. त्या बाईंनी ते पाऊल कसे उचलले असेल, हे शब्दांत सांगणे माझ्या आवाक्यातले नाही. ज्या घरातून पोरगा फौजेत जातो त्या घराने हे दोन्ही डोळ्यांपुढे ठेवूनच हो म्हणावे.

पोराला दिलेले उत्तर

शेवटी त्या पोराला आणि त्याच्या आईला मी घरी बोलावले. पलंगाखालची हिरवी पेटी बाहेर काढून दाखवली. मग म्हटले, "तुझ्या-माझ्या आजोबा-पणजोबांना कुणी विचारले नाही. गरज पडली तेव्हा घेतले, संपली तेव्हा हाकलले. तुला तुझी आई विचारते आहे, हेच मोठे आहे. फक्त गाळ्यातल्या पॉलिशला कंटाळलास म्हणून जाऊ नकोस. आणि आई घाबरते म्हणून राहूही नकोस. फॉर्म भरायचा तर भर, पण कॉलेजचा दाखला काढू नकोस. बी.ए.ला बाहेरून नाव घाल. चार वर्षांनी बाहेर आलास तर हातात पदवी पाहिजे. आत राहिलास तर त्याच पदवीवर अधिकाऱ्याची परीक्षा दे. सुभेदारीवर थांबू नकोस."

आई म्हणाली, "भाऊ, म्हणजे तुम्ही हो म्हणता का नाही म्हणता?"

मी म्हटले, "ताई, मी काहीच म्हणत नाही. त्याचे त्याला ठरवू दे. आपण फक्त त्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही."

त्याने अजून फॉर्म भरलेला नाही. पण विहाराच्या वाचनालयात रोज संध्याकाळी सात वाजता येतो. गणिताचे पुस्तक घेऊन बसतो. त्याला बघून आणखी चार पोरे आली, त्यात दोन मुली. विहार समितीला माझी नम्र विनंती आहे की या वर्धापन दिनाला लाउडस्पीकरवरचा थोडा खर्च कमी करून वाचनालयात दोन चांगले दिवे, एक भारताचा नकाशा आणि परीक्षांची पुस्तके घ्यावीत. छावणीतल्या एका शाळेने आपल्याला बाबासाहेब दिले. आपल्या विहारातली एक खोली एवढे तरी करू शकेल की आपले पोर जिथे जाईल तिथे अंगठा नाही, सही करील.

जयभीम! नमो बुद्धाय!